गुलछडीचा उजवा पाय

बहात्तर साली ऊन असं तापलं की चौसाळ्याकडचे कावळे, दगडावर पाय भाजतात म्हणून, उडता उडताच झोप घ्यायचे. असल्या वक्ताला गावाला पाणी पाजत होती ती कचरूची घोडी, गुलछडी. टांग्यावर दोन पिंपं, नदीतल्या झऱ्यापासून गावापर्यंत रोज सहा खेपा. कचरू गावकुसाबाहेरच्या वस्तीतला; पण पाणी कुणाच्या टांग्यातनं आलं हे विचारायचं गाव तहानेपायी विसरून गेलं होतं. घोडी अशी हिशेबी, की सातव्या खेपेला लगाम ओढला तर मागं वळून कचरूकडं बघत राहायची.

काम सोसायटीचं. चेअरमन सुंदररावांचा नियम एकच: सलग तीन दिवस खेपा चुकल्या, की टांगा बंद.

आणि नेमकी गुलछडी लंगडली. पुढचा उजवा पाय टेकला की मान झटक्यानं वर जायची.

कचरूनं हरिबाला बोलावलं. हरिबा नालबंद, चार दिवसांखाली त्यानंच घोडीला नवे नाल मारले होते. लहानपणापासूनचा दोस्त. वस्तीबाहेरचा असून कचरूच्या माठातलं पाणी घटाघटा पिणारा पहिला माणूस तोच. त्याच्या शब्दापुढं कचरूला डॉक्टरची गरज वाटली नाही.

हरिबानं घोडीच्या खांद्यावरनं हात फिरवला. "खांद्यात वारं भरलंय बे. गरम वाळूनं शेक. दोन दिसांत पळंल."

"खूर बघ की एकडाव."

"चाळीस वर्सं नाल मारतोय मी. तू मला शिकवतो व्हय?"

कचरूनं खांदा इतका शेकला की त्यावर भाकरी फुगली असती. घोडी जास्तच लंगडायला लागली. दुसऱ्या दिवशी कचरू स्वतःच टांग्याच्या दांड्यांत शिरला आणि एक पिंप गावात ओढून आणलं. सुंदरराव पोट धरून हसले. "कचरू, काम घोडीला दिलंय, तुला न्हाई. ही खेप धरायची न्हाई."

तिसरा दिवसही तसाच गेला. चौथ्या दिवशी सकाळी कचरूच्या बायकोनं, भिमाबाईनं माठ उचलून सरळ मातीत ओतला.

"अगं, पिण्याचं पाणी हाय त्ये!" कचरू ओरडला.

"गप बसा. माझा बाप बाजारात घोडं असंच पारखायचा. ज्या खुरात आग, त्याचा चिखल आधी वाळतो."

तिनं चारी खुरांना चिखल थापला. कचरूची तंबाखू मळून व्हायच्या आत उजव्या खुराचा चिखल पांढरा पडला. आतल्या बाजूच्या तिसऱ्या खिळ्यापाशी तर तडकलाच. कचरूनं नाल काढला. बाकीचे खिळे कोरडे निघाले. तो एक ओला निघाला, आणि त्याच्यामागनं काळा पू. खिळा खुराची कड सोडून आत, जिवंत मांसात गेला होता.

"चुकला असंल," कचरू म्हणाला.

भिमाबाईनं खिळा पुसून त्याच्या तळहातावर ठेवला. हरिबानं डोळे झाकून खिळा मारला तरी तो खुराच्या कडेची रेघ सोडत नसे, हे तिलाही ठाऊक होतं.

खिळा मुठीत धरून कचरू निघाला. सोसायटीपुढं ट्रॅक्टर उभा होता, त्याच्यामागं नवी कोरी टाकी. सुंदरराव नारळ फोडत होते. ट्रॅक्टरवर बसला होता रामकिसन, हरिबाचा जावई. शेजारी कपाळाला गुलाल लावून हरिबा.

कचरूनं मूठ उघडली.

हरिबाच्या तोंडातला खोबऱ्याचा तुकडा तसाच राहिला. "लेकीच्या घरी चूल पेटत नव्हती रे," तो हळूच म्हणाला. "म्हयनाभरात बरी व्हईल, येवढाच आत घातलाय. मापानं."

"मापानं?" कचरू म्हणाला.

भिमाबाईनं कडुलिंबाच्या पाण्यानं खूर धुऊन धुऊन महिन्यात बरा केला. पाण्याचं काम गेलं ते गेलंच. कचरू पाटोद्याच्या बाजाराची भाडी मारायला लागला. घोडीला पुन्हा नाल मारला नाही.

पण तिनं एक खोड धरली. वाटेनं कशी वाऱ्यासारखी यायची. हरिबाचं दार आलं की उजवा पाय आखडायची, मान झटकत लंगडत चालायची; त्याच्या दारापुढचा लिंब मागं पडला की पुन्हा दुडकी. आधी पोरं हसली. मग बाया दारात येऊन बघायला लागल्या. हरिबानं दार पुढनं बंद करून मागच्या बाजूनं काढलं, तर घोडी मागच्या गल्लीतही लंगडायला लागली.

एके दिवशी न राहवून तो बाहेर आला. "कचरू, अजून दुखतोय का रे तिचा पाय?"

"पाय कवाच बरा झालाय," कचरू म्हणाला, आणि त्यानं लगाम सैल सोडला.