वेदीवरची उलटी छत्री

ग्रेसबाई गोर्डे यांचा आवाज इतका हळू होता की, वर्गात त्यांचं ऐकायचं तर पोरांना गप्पच बसावं लागे. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यालाच शिस्त समजून कौतुक केलं होतं, आणि बाईंनी तो गैरसमज निवृत्त होईपर्यंत जिवापाड जपला.

श्रीरामपूरपासून सोनईपर्यंत शाळाशाळांतून त्या घुबडांबद्दल शिकवत फिरल्या. पिशवीत कापडाचं घुबड असे, त्याची मान गरागरा फिरे. घुबड अपशकुनी नाही, ते उंदीर खातं, आपलं धान्य राखतं, त्याची पिल्लं हलवू नका. एवढंच, पण वर्षानुवर्षं. लोक घुबडबाई म्हणू लागले. "देवाने डोळे तसेच दिलेत, काय करणार," असं त्या हसून म्हणत. आपलं कोणी मनावर घेत नाही, असं मात्र त्यांना आतून वाटे. हे त्या नम्रपणे मान्य करत, आणि त्या नम्रपणाचा त्यांना थोडा अभिमानही होता.

रोज पहाटे प्रार्थना करून गावच्या चर्चमधली वेदी पुसायची आणि तिच्यावर धुतलेलं कापड अंथरायचं, हा त्यांचा नेम. यंदा उपवासकाळात त्यांनी आणखी एक व्रत घेतलं. ईस्टरपर्यंत कोणत्याही जिवाबद्दल वाईट बोलायचं नाही. व्रत घेतलं आणि त्याच आठवड्यात गव्हाणी घुबडांच्या जोडीने वेदीच्या बरोबर वर, तुळई आणि भिंतीच्या खोबणीत अंडी घातली.

मग काय, रोज वेदीवर पांढरे ओघळ आणि उंदरांच्या केसांच्या ओकलेल्या गोळ्या. बाई पुसत होत्या आणि ओठ घट्ट मिटून व्रत पाळत होत्या. मनाचं व्रत घेतलं नव्हतं, हे एक बरं होतं.

खरी काळजी ईस्टरची होती. वेदीसाठी त्यांनी वर्षभर खपून एक कापड भरलं होतं. पांढरी लिलीची फुलं, सोनेरी काठ. "देवासाठी," असं त्या सांगत. भरतकाम मात्र मंडळी बसते त्याच बाजूला केलं होतं. पाळक उभे राहतात त्या बाजूला नुसती शिवण.

पाळक जोशुआ त्यांचाच विद्यार्थी. तो म्हणाला, "बाई, तुम्ही हो म्हणा, आज माणूस लावून पिल्लं दुसरीकडे ठेवतो."

"तू पाळक आहेस. तूच ठरव."

"घुबडांच्या बाबतीत मी कोण? चौथीत तुम्ही मला घुबडाचा मुखवटा घालून उभं केलं होतं."

"मग तुला काय वाटतं?" बाईंनी आशेने विचारलं.

"मला वाटतं, हलवू नये. बाईंनी शिकवलंय."

घरी बाईंचे यजमान पीटर पेपर वाचत होते. "हलवा म्हण की सरळ."

"अहो, मी कशी म्हणू?"

"मग नको म्हण."

"मी काहीच म्हटलेलं नाही."

"हेच ऐकतोय मी उपवासकाळ लागल्यापासून," पीटर म्हणाले. "याच्यापेक्षा तू मटण सोडलं असतंस तर बरं झालं असतं."

ईस्टरच्या आदल्या दुपारी पीटर झोपल्यावर बाई टोपली आणि जुना टॉवेल घेऊन निघाल्या. चर्चला लागूनच कारभारी नावाच्या शेतकऱ्याची वस्ती. "कारभारीभाऊ, शिडी हवी होती. जळमटं काढायचीत." जळमटं होतीच, त्यामुळे हे पूर्ण खोटं नव्हे, असं त्यांनी चालता चालता देवाला सांगून टाकलं.

कारभारी शिडी घेऊन आले आणि खाली धरून उभे राहिले. "जावा बिनघोर. म्या हाय."

बाई वर पोचल्या. खोबणीत तीन पिल्लं होती, एक मोठं, एक मधलं, एक अगदी धाकटं. बाईंना पाहून तिघंही कुकरची वाफ सुटावी तशी फिसकारली. बाईंनी टॉवेल उलगडला.

"पिल्लं हायेत का वं?" खालून आवाज आला.

"आहेत."

"हात लावू नका बरं का, बाई! जागा बदलली की आई परत येईलच असं न्हाई. तुमीच सांगितलं हुतं आमच्या नातीच्या, संस्कृतीच्या शाळंत. म्या दारात हुबा राहून ऐकत हुतो. तवापासून गोठ्यातलं घुबड हाकललं न्हाई. घरची लई भांडली. म्हनलं, घुबडबाई म्हनत्यात ते खरं."

टॉवेल हातातच राहिला. सगळ्या जिल्ह्यात एक माणूस मनावर घेणारा निघाला, आणि तोच शिडी धरून उभा होता.

"टोपली कशाला नेली वं?"

"जळमटांना," बाई म्हणाल्या.

"मग काढा की."

बाईंनी हात वर केला. जाळ्यात एक कोळी बसला होता. "राहू दे. त्याचंही घर आहे."

"व्हय, बरोबर हाय," कारभारी इतक्या गंभीरपणे म्हणाले की, उद्यापासून त्यांच्या घरात कोणी जळमट काढणार नाही, हे बाईंना वरूनच दिसलं.

त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. "भाऊ, आमच्या घरून मोठी छत्री आणता? आणि सुतळी."

छत्रीबरोबर डोळे चोळत पीटरही आले. "आत पाऊस पडतोय का?"

"पडतो. रोज," बाई म्हणाल्या. उघडलेली काळी छत्री त्यांनी खोबणीच्या खाली उलटी टांगली, आणि उतरून छत्रीच्या बरोबर खाली लिलीचं कापड अंथरलं.

ईस्टरला चर्च भरलं होतं. जोशुआने बाईंना दोन शब्द बोलायला उभं केलं. भरतकामाबद्दल दोन वाक्यं त्यांनी पाठ करून ठेवली होती. मंडळी ऐकू यावं म्हणून चिडीचूप झाली. पण सगळ्यांच्या नजरा बाईंच्या डोक्यावरून छत्रीकडे.

"तीन आहेत," बाई म्हणाल्या. "धाकटं फारच लहान आहे. घाबरून खाली पडेल. तर गीत जरा हळू म्हणाल का?"

मग सगळ्या मंडळीने पुनरुत्थानाचं गीत ग्रेसबाईंच्या आवाजात म्हटलं. जन्मभर खड्या आवाजात बेसूर गाणारे पीटरसुद्धा कुजबुजत बेसूर गायले. दुसऱ्या कडव्याला छत्रीत टप्‌ झालं. सगळ्या माना वर गेल्या.

बाईंनी कापडाकडे पाहिलं. स्वच्छ होतं. त्याच्याकडे पाहणाऱ्या त्या एकट्याच होत्या.