सत्तावन्नावरचा चिंचोका

वर्तकनगरच्या त्या चाळीत बाळाचं वजन कुणी कुणाला सांगत नाही. नजर लागते म्हणे. म्हणून महिला मंडळाने वर्षाच्या आसपासची बारा बाळं तोलली, तेव्हा चिठ्ठ्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे. फळ्यावर फक्त सरासरी लागली: तेरा किलो.

अमृताचा राजरत्न नऊ किलोचा. चार किलो कमी! तिने फळा दोनदा वाचला. सासू भीमाबाईंनी तर दुधाच्या पावडरीचा डबाच आणला. "तुझं पुरत नाही गं त्याला. उद्यापासून हे."

दुपारी अमृता चाळीतल्याच प्रीतीकडे गेली. कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकणाऱ्या प्रीतीनेच ती सरासरी काढलेली. मागोमाग भीमाबाई, कडेवर बाळ.

"बाकीच्यांची एवढी कशी गं भरली?" अमृताचा आवाज ओला झाला.

"थांब वहिनी, मांडूनच बघू."

प्रीतीने लादीवर खडूने रेघ ओढली, किलोंच्या खुणा केल्या आणि दर चिठ्ठीमागे एक चिंचोका ठेवत गेली. आठवर तीन. नऊवर पाच, एकामागे एक. दहावर तीन.

"अगं, ही तर सगळी माझ्या राजासारखीच!"

बारावी चिठ्ठी उघडून प्रीतीने पुन्हा खडू उचलला. मग रेघ ओढत ओढत थेट उंबऱ्यापाशी गेली आणि तिथे शेवटचा चिंचोका ठेवला. सत्तावन्न.

"हा कुणाचा हत्ती?" भीमाबाई म्हणाल्या.

दारावरून जाणारी शेजारची रसिका थबकली. "अय्या! आमचा आर्यन काट्यावर टिकेना, म्हणून त्याला घेऊन मीच उभी राहिले. वाटलं, माझं वजा करतील."

"आणि मी न बघता फोनवर बेरीज मारलेली," प्रीतीने कपाळावर हात मारला. "एका चिंचोक्याने सगळी सरासरी ओढून नेली. वहिनी, ओळीतले मधले दोन बघ, सहावा नि सातवा, दोन्ही नऊवरच."

अमृता हसली, रडली. भीमाबाईंनी बाळ तिच्या ओटीत दिलं. "पाज त्याला. डबा फोडला नाही अजून, परत करते." आणि जाता जाता गुणगुणल्या,

काटा गं काय सांगे, भार बाळाचा किती
माझ्या मांडीला ठावं, रोज निजे तिच्यावरती

बाळ पिऊन झोपलं. अमृताच्या मनात आलं, अशाच आणखी दहा जणी दार लोटून झुरत असतील. ती गॅलरीत आली आणि चाळीला ऐकू जाईल असं ओरडली, "माझा राजरत्न नऊ किलोचा!"

मग वरच्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं, "आमची आठची गं!"