ब्लित्व्यातला लसूण

पहिला फटका ताटाला बसला, दुसरा अरुणाला.

"चार दिवस हाच पाला," तिचा नवरा पद्माकर म्हणाला. "घर आहे का खानावळ?"

ताटातला ब्लित्वा सिंगापुरातल्या सेंगकांगच्या फ्लॅटच्या पांढऱ्या भिंतीवरून ओघळत होता. ब्लित्वा म्हणजे काही जगावेगळं नव्हे. क्रोएशियाच्या किनाऱ्यावर घरोघरी होणारी साधी भाजी: पालेभाजी, बटाटा, ऑलिव्हचं तेल आणि लसूण. अरुणा फडकं घेऊन वाकली, तेवढ्यात त्याने मागून तिचा अंबाडा धरला आणि डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. एकदा नाही, दोनदा. मग हात स्वच्छ धुतले आणि टीव्हीसमोर जाऊन बसला. बँकेतला माणूस, टापटिपीचा भारी!

सत्तावीस वर्षं हे असंच चाललं होतं. पट्टा झाला, लाटणं झालं, एकदा गरम इस्त्री झाली. बाहेर मात्र पद्माकरराव म्हणजे देवमाणूस. गणपतीच्या आरतीत टाळ कोणाचा, तर ह्यांचा.

अरुणा तोआ पायोहमधल्या एका छोट्या टूर कंपनीत नोकरीला होती. मराठी ग्रुपला परदेशात काय खावं, काय प्यावं, याची टिपणं लिहायची, एवढंच काम. क्रोएशिया तिने जन्मात पाहिला नव्हता, पण स्वतः रांधून चाखल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही हा तिचा खाक्या. 'काळा भात दिसला तर शाकाहाऱ्यांनी दूर राहावं, तो माकूळ माशाच्या शाईचा असतो.' 'राकिया, म्हणजे तिथली फळांची कडक दारू, आग्रहाने देतात. नको असेल तर ओठाला लावून ठेवा, एका दमात पिऊ नका.' अशी नऊ वर्षांची टिपणं.

यंदा मालकीणबाई साधना म्हणाली होती, "अरुणाताई, ग्रुपबरोबर तुम्हीच चला. बाराजण पक्के शाकाहारी आहेत. ताट पुढ्यात आलं की तुम्ही वास घेऊन सांगायचं, यात माशाचं पाणी आहे की नाही."

कारण अरुणाचं नाक. भातात माशाचं पाणी असेल तर ते तिला हातभर अंतरावरून कळायचं. तिकीट आलं तेव्हा तिने ते कपाटात साड्यांखाली ठेवलं आणि रोज एकदा काढून बघितलं.

डोक्याला पाच टाके पडले. नोव्हेनाच्या इस्पितळातल्या डॉक्टरला तिने सांगितलं, "बाथरूममध्ये घसरले." डॉक्टरने कॉफीची डबी, लवंग, साबण असं काय काय नाकापाशी धरलं. तिला काहीच येईना. तो म्हणाला, आतली वासाची नस तुटली आहे, ती सांधेलच असं नाही. अरुणाने फाइल पर्समध्ये घातली आणि कोणाला म्हणून सांगितलं नाही. तिथे गेल्यावर बघू, तिला वाटलं. बाई माणूस एवढ्या आशेवर काय काय झाकते!

तीन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी, कम्युनिटी हॉलमध्ये चाखणी होती. प्रत्येक टूरच्या आधी अरुणा मंडळींसमोर पदार्थ करून दाखवायची, म्हणजे परक्या मुलखात ताट बघून कोणी नाकं मुरडायला नकोत. पद्माकर पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या झब्ब्यात.

"आमच्या हिच्या हाताला चव आहे हो," तो शेजारच्यांना सांगत होता.

अरुणाने तेलात लसूण टाकला आणि नेहमीप्रमाणे गॅसकडे पाठ करून बोलू लागली. लसूण डोळ्यांनी नाही, नाकाने परतायचा असतो, हे तीच सगळ्यांना सांगायची. वास गोडसर झाला की गॅस बंद. आज ती राकियाबद्दल बोलत राहिली. पुढच्या रांगेतल्यांनी रुमाल काढले. कोणी खोकलं. मैत्रेयी, तिची मुलगी, धावत आली आणि तिने गॅस बंद केला.

"आई, जळतंय. यू कान्ट स्मेल मेह?" तिने सिंगापुरी इंग्रजीत विचारलं.

कढईत काळे तुकडे होते. साधना सावरून घेत म्हणाली, "होतं हो असं, बोलण्याच्या नादात."

तेवढं पुरलं असतं. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अनघाकाकू हसून म्हणाल्या, "जळू दे गं. जन्मात अंड्याला शिवले नाही मी. तू बरोबर आहेस म्हणून तर निघालेय."

अरुणाने त्यांच्याकडे बघितलं. आता बोललं की तिकीट गेलं, हे तिला स्वच्छ कळत होतं.

"काकू, माझ्या भरवशावर येऊ नका," ती म्हणाली. "मला वास येत नाही. ह्यांनी माझं डोकं ओट्यावर आपटलं, तेव्हापासून."

ज्या आवाजात ती मीठ किती ते सांगायची, त्याच आवाजात हे सांगितलं.

पद्माकर आधी हसला. "चेष्टा करतेय." कोणी हसलं नाही. मग तो उठला, टेबलावरची चाखायची राकिया एका दमात प्यायला आणि जवळ येऊन त्याने अरुणाचं उजवं मनगट पकडलं.

"चारचौघांत? चारचौघांत काढतेस माझी?"

आणि त्याने तिचा पंजा तापलेल्या कढईत दाबला. चर्र आवाज झाला. कातडी भाजल्याचा वास साऱ्या हॉलला आला, अरुणाला आला नाही. तिने डाव्या हाताने उलथणं उचललं आणि त्याच्या तोंडावर मारलं, पुन्हा मारलं, नाकातून रक्त येईपर्यंत. हातातली ताकद कुठून आली, तिचं तिलाच ठाऊक. ग्रुपमधल्या प्रबोधने आणि आणखी दोघांनी पद्माकरला ओढून जमिनीवर पाडलं. इस्त्रीचा झब्बा रक्ताने आणि तेलाने माखला. पोलीस येईपर्यंत तो शिव्या देत होता, ज्या आजवर फक्त फ्लॅटच्या भिंतींनी ऐकल्या होत्या.

त्याला नेलं. मैत्रेयीने आईचा हात नळाखाली धरला, बराच वेळ, रडत. एक पोलीसबाई जबाब घ्यायला वही घेऊन थांबली होती, ॲम्ब्युलन्स यायची होती.

"फाइव्ह मिनिट्स," अरुणा तिला म्हणाली. हाताला ओला पंचा गुंडाळला, दुसरी कढई ठेवली आणि डाव्या हाताने तेल ओतलं.

"मैत्रू, इथे उभी राहा. नाक पुढे कर."

लसूण पडला. मुलगी डोळे पुसत कढईवर वाकली.

"आता?" अरुणाने विचारलं.

"नॉट येट."

"आता?"

"थांब." मैत्रेयीने श्वास घेतला. "आता, आई."

अरुणाने गॅस बंद केला, शिजवलेला पाला आणि बटाटा मिसळला, पहिली वाटी अनघाकाकूंच्या हातात दिली. काकूंनी खाल्लं.

मग अरुणाने चमचाभर स्वतःच्या तोंडात घातला. लसूण नव्हता, तेल नव्हतं, काही नव्हतं. जीभ तेवढी शाबूत होती.

"मीठ बरोबर आहे," ती म्हणाली, आणि पोलीसबाईसमोरच्या खुर्चीत जाऊन बसली.