तीस पावलं

टेलरला सासुरवाडीत राहायला येऊन सात वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात या घरातला एकही निर्णय त्याच्या नावावर नव्हता. एकदा त्याने पडदे निवडले होते. कापडातलं त्याला कळतं, पुढच्या खोलीत त्याचंच मशीन चालतं, म्हणून निवडू दिले. ते आठ दिवस खिडकीवर होते. नंतर धूळ बसू नये म्हणून सासऱ्यांच्या सायकलवर गेले, ते तिथेच राहिले.

हिवाळ्याच्या तोंडावर लाकडांचा टेम्पो आला, फाटकापाशी ढीग ओतून गेला, आणि घरात दरवर्षीचं भांडण सुरू झालं.

सासरे एकतीस वर्षं अग्निशमन दलात होते. गल्लीत त्यांना बंबवाले म्हणत. निवृत्त होताना लोकांना घड्याळ मिळतं, यांनी एक जुना पाइप मागून घेतला होता. तो गुंडाळून पलंगाखाली ठेवलेला असे.

"घर वेगळं, लाकूड वेगळं," ते म्हणाले. "मध्ये तीस पावलं. यात चर्चा नाही."

"लाकडं स्वयंपाकघराच्या दाराशी," सासूबाई म्हणाल्या. "चूल मी पेटवते, ओझं मी वाहते. माझ्या गुडघ्याचं ऐकायचं की तुमच्या बंबाचं?"

"गुडघा जळत नाही."

"जळतो हो. तुम्हाला धूर दिसत नाही इतकंच."

ढीग नऊ दिवस फाटकातच राहिला. पोस्टमन लाकडांवर चढून पत्रं द्यायचा आणि उतरताना 'सांभाळून' असं स्वतःलाच म्हणायचा. दहाव्या दिवशी सासूबाईंनी ताटं वाढता वाढता जाहीर केलं, "यंदा जावईबापू ठरवतील."

"ठरवू दे," सासरे म्हणाले. टेलर आपल्याच बाजूचा आहे, अशी दोघांचीही खात्री होती. टेलरने कधी तोंडच उघडलं नव्हतं, त्यामुळे ती खात्री मोडायला काही कारणही घडलं नव्हतं.

बायकोने त्याला बाजूला घेतलं. "नीट ठरव रे. पडद्यांसारखं व्हायला नको."

टेलरला जगात दोनच गोष्टी येत होत्या: माप घेणं आणि ट्रायल देणं. त्याने कानावर खडू अडकवला, गळ्यात टेप टाकली आणि आधी सासूबाईंचं माप घेतलं.

"जावईबापू, लाकडं मी अंगात घालणार आहे का?"

"एका फेरीत किती उचलता?"

"पाच. बारीक असतील तर सहा. ह्यांचा राग आलेला असेल तर आठ."

टेलरने वहीत आठ लिहिलं. मग तो सासऱ्यांकडे गेला.

"बाबा, तीसच का? अठ्ठावीस का नाहीत?"

सासऱ्यांनी पलंगाखालच्या पाइपकडे पाहिलं. एकतीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "आमचा पाइप तीस पावलांचा होता. त्यापुढे काही करता यायचं नाही."

"म्हणजे तीसच्या आत असेल तर विझायचं?"

"अर्थात."

"मग तुम्ही लाकडं बरोब्बर टोकाला ठेवायला सांगताय."

"टेलर, तू बाह्या शिव."

टेलरने निर्णय दिला: तीस पावलं. स्वयंपाकघराच्या दारापासून सासऱ्यांची तीस पावलं साडेचौदा टेपा भरली. ती संपली तिथे, आवाराच्या कोपऱ्यात पाण्याच्या नळाशेजारी, लाकडं रचली गेली. वर चार बांबूंवर पत्रा आला. बांबू टेलरने खिळे न ठोकता दोरीने बांधले. "ट्रायल आहे," तो म्हणाला. "बसलं नाही तर उसवू."

त्या दिवसापासून सासूबाई टेलरच्या ताटात भाताची तळाला लागलेली खरपुडी वाढू लागल्या. बायको म्हणाली, "अभिनंदन. आता तू घरातला माणूस झालास."

पहिल्या आठवड्यात सासऱ्यांच्या लक्षात आलं की लाकडांजवळ कुणीच नाही. एवढं लाकूड बेवारशी ठेवणं त्यांना पटेना. त्यांनी तिथे खुर्ची नेली. वारा लागतो म्हणून दोन बाजूंनी फळ्या मारल्या, मग तिसऱ्या बाजूला दार बसवलं, कारण दोन बाजू मारल्यावर तिसरी उघडी बरी दिसत नव्हती. चौथ्या बाजूला कुंपणाची भिंत आयतीच होती. दुपारचं आडवं व्हायला पलंग गेला, त्याच्याबरोबर खालचा पाइपही गेला. थंडी वाढल्यावर लोखंडी शेगडी आली. लाकडं हाताशीच होती, त्यामुळे शेगडीचं छान चाललं होतं.

"अहो, राहायला गेलात का तिकडे?" सासूबाईंनी दारातून ओरडून विचारलं.

"पहारा आहे!"

दुसऱ्या दिवशी टेलर जेवणाचा डबा घेऊन गेला आणि दारातच थांबला.

"बाबा, हे घर झालं ना?"

"कोण म्हणतं?"

"पलंग आहे. शेगडी आहे. पायपुसणं आहे."

सासऱ्यांनी पायपुसण्याकडे पाहिलं. ते कधी आलं, त्यांनाही आठवेना. मग त्यांनी उशाजवळच्या लाकडांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"घर वेगळं, लाकूड वेगळं," टेलर म्हणाला. "किती लांब हवं?"

एकतीस वर्षांची सवय. दुसरा आकडा त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

टेलरने टेप काढली. एका अंगाला चार पावलांवर शेजाऱ्यांची भिंत होती, दुसऱ्या अंगाला रस्ता. तीस पावलं मोकळी जागा एकाच दिशेला होती. सासऱ्यांचा टेपवर विश्वास नव्हता, म्हणून ते स्वतः मोजत निघाले. तिसाव्या पावलाला त्यांचं नाक स्वयंपाकघराच्या दाराला टेकलं. सासूबाईंनी दार उघडलं.

"जेवायला आलात? डबा तर पाठवला."

"लाकडं," सासरे म्हणाले, "इथे येतील."

बायको धावत आली. "बाबा, आणि आपलं घर? ते जळू दे?"

सासऱ्यांनी विचार केला. मग कोपऱ्यात जाऊन पाइप नळाला जोडला आणि उलगडत आणला. तो दारापर्यंत पोचला, वर दोन बोटं उरलाही.

"पोचतोय," ते म्हणाले. "आग लागली तर इथे, मी तिकडे. असंच पाहिजे. आम्ही काय आगीत राहायला जायचो का?"

अर्ध्या दिवसात लाकडं हलली. सासूबाई दाराबाहेर हात काढून एकेक ओंडका आत घेऊ लागल्या. सासरे आपल्या शेगडीसाठी तीस पावलं यायचे, पाच ओंडके उचलायचे, तीस पावलं जायचे. चौथ्या दिवशी त्यांनी गुडघ्याला तेल मागितलं.

"लाकडं जरा लांबच आहेत," ते म्हणाले.

"जावयांनी ठरवलंय," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना विचारा."

सासरे पुढच्या खोलीत येऊन मशीनशेजारी उभे राहिले. यापूर्वी या खोलीत ते फक्त बटण तुटल्यावर आले होते.

"टेलर, वीस करता येतील का रे?"

टेलरच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या त्याने सावकाश एकेक करून काढल्या. "बाबा, ट्रायल संपली. आता पक्की शिलाई मारलीय."

सासरे मान हलवून गेले. लाकडं होती तिथेच राहिली.

त्या रविवारी बायकोने सायकलवरचे पडदे काढले, धुतले आणि खिडकीला लावले. सायकलवर धूळ बसू लागली.