एकोणऐंशी हजारांचे घनमूळ

शहागंजातील एका कापडपेढीच्या माडीवर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेत असताना गणिताच्या तासाला ज्यांचे पोट हटकून दुखत असे, ती सारी प्रतिष्ठित मंडळी आज गणिताच्या दर्शनाला लोटली होती. व्याघ्रचर्मावर अंकनाथ महाराज बसले होते. कपाळावर भस्म, गळ्यात रुद्राक्ष, आणि चेहऱ्यावर ज्याला कधी कुणी उलट प्रश्न विचारला नाही अशा माणसाचे तेज.

“संख्या ही देवी आहे, बाळांनो!” महाराज म्हणाले. “घन ही तिची तिपेडी वेणी. पंडित ती सोडवताना रात्र रात्र कागद काळे करतात. मी डोळे मिटतो, वेणी आपोआप सुटते.”

विधी असा होता. भक्ताने मनात एखादी दोन आकडी संख्या धरायची. तिला तिनेच गुणायचे, आलेल्या गुणाकाराला पुन्हा तिनेच गुणायचे आणि उत्तर कागदावर लिहून सांडू नावाच्या शिष्याच्या हाती द्यायचे. सांडू ते मोठ्याने वाची, आणि महाराज भक्ताच्या मनातली मूळ संख्या क्षणात सांगत. देवीला तीन आकडी संख्या का चालत नव्हती, हे विचारण्याचे कुणाला सुचले नाही.

तेवढ्यावर थांबले असते तर तो खेळ म्हणून खपला असता. पण महाराज दीक्षाही देत. मॅट्रिकच्या मुलांनी वही-पुस्तकांना हात लावायचा नाही, केवळ मंत्र जपायचा. उत्तरे परीक्षेच्या दालनात आपोआप स्फुरणार. निजामी अमलात गणित उर्दूतून शिकावे लागे आणि घरी बोलणे मराठीत. त्या दुहेरी कोंडीत सापडलेल्या पालकांना हा मार्ग फारच सोयीचा वाटला. महसूल कचेरीतले कारकून आप्पासाहेब त्यांपैकीच एक. त्यांची उमा परीक्षेला बसणार होती. नापास झाली तर पैठणच्या स्थळाला होकार कळवायचा, असे घरात ठरले होते. तिला पुढे शिकायचे होते, आणि आप्पासाहेब तिला दीक्षेसाठी घेऊन आले होते.

“आप्पा, परीक्षा तोंडावर आलीय. एवढ्यात सराव सोडला तर माझं काय होईल?”

“गप्प बस. आधी प्रचीती घेऊ, मग बोल.”

आप्पासाहेबांनी आपल्या वयाचाच आकडा धरला, त्रेचाळीस. उमाच्या शेजारी बसून गुणाकार केला. उत्तर आले एकोणऐंशी हजार पाचशे सात. ते त्यांनी मराठी अंकांत लिहायला घेतले. पण कचेरीत आयुष्यभर उर्दू अंक गिरवलेला हात मध्येच सवयीवर गेला, आणि पाचाचा आकडा उर्दू वळणाचा, गोल पडला. सांडूला उर्दू येत नव्हते. त्याला त्या जागी शून्य दिसले.

“एकोणऐंशी हजार सात!” तो ओरडला.

महाराजांनी डोळे मिटले, उघडले. “त्रेचाळीस.”

आप्पासाहेबांचे हात आपोआप जोडले गेले. उमा मात्र उठून उभी राहिली.

“पण वाचलं चुकीचं! ते सात नाही, पाचशे सात आहे. त्रेचाळीसचा घन एकोणऐंशी हजार सात येतच नाही. चुकीच्या आकड्याचं उत्तर बरोबर कसं आलं?”

मागून कुणीतरी म्हणाले, “आवं, कागद चुकला, पर महाराजांनी मनातलं वळखलं! लई मोठी शिद्धी हाय ही!”

महाराजांनी तो धागा तत्काळ पकडला. “कागद खोटं बोलतो, मुली. मी कागद वाचत नाही, मन वाचतो.”

“मग माझं वाचा,” उमा म्हणाली. “एकोणऐंशी हजार नऊशे सत्त्याण्णव.”

“त्रेचाळीस.”

“माझ्या मनात कुठलीच संख्या नव्हती, महाराज. पुढचे एकोणऐंशी आणि शेवटचा सात तेवढे राखले, मधे वाटेल ते घातलं.”

दाराशी उभे असलेले गणिताचे मास्तर नूरमोहम्मद हसले. शाळेतून पळालेल्या विद्यार्थ्यांना शोधत ते इथवर आले होते. “शाबास, बेटी! अब समझाव इनको.”

उमाने समजावले. एक ते नऊ या अंकांचे घन पाहिले तर प्रत्येकाचा शेवटचा अंक वेगळा असतो. सातने संपणारा फक्त तीनचा घन, सत्तावीस. म्हणून उत्तराच्या शेवटी तीन. चारचा घन चौसष्ट, पाचचा सव्वाशे. शेवटचे तीन अंक सोडले की उरलेले एकोणऐंशी या दोहोंच्या मधे, म्हणून सुरुवातीला चार. झाले त्रेचाळीस. मधल्या अंकांकडे महाराज पाहतच नव्हते. संख्या खरोखर कुणाचा घन आहे की नाही, हेही त्यांना कळत नव्हते.

“आप्पासाहेब,” मास्तर म्हणाले, “एक लाख दहा हजार पाचशे ब्याण्णव. सांगा बरं.”

आप्पासाहेब पुटपुटले, “दोनने संपतो तो आठचा घन... एकशे दहा चौसष्टच्या पुढे, सव्वाशेच्या आत... अठ्ठेचाळीस?”

“बराबर!”

आणि माझ्या देशबांधवांच्या बुद्धीचा कळस असा, की शेजारचा एक व्यापारी लगबगीने वाकला आणि आप्पासाहेबांच्या पायांना हात लावू लागला. “तुमास्नी बी झाली व्हय शिद्धी?”

आप्पासाहेबांनी पाय झटकन मागे घेतले. वाघाच्या कातड्यावर बसायला किती कमी भांडवल लागते, ते त्यांना त्या क्षणी कळले असावे. खाली मान घालून ते म्हणाले, “मास्तरसाहेब, उद्यापासून हिला तुमच्याकडे पाठवतो. पैठणच्या लोकांना मी नकार कळवतो. पास हो, नापास हो, शिकायचं तेवढं शीक.”

महाराज मागच्या जिन्याने उतरून गेले. दुसऱ्या गावी त्यांना दुसरी माडी मिळाली असेल. माड्यांचा आणि भक्तांचा आपल्याकडे तुटवडा नाही.

युक्तीशी माझे भांडण नाही. ती सुंदर आहे, आणि उमासारखी मुलगी तिचे कारण सांगू शकते, म्हणून ती ज्ञान आहे. कारण लपवून तीच युक्ती विकली की ती लबाडी होते. तेव्हा वाचकहो, कुणी तुम्हाला झटपट उत्तर दिले तर हात जोडू नका. ते उत्तर कसे आले, एवढेच विचारा. सांगता आले तर त्याच्याकडून शिका. सांगता आले नाही तर उठून घरी जा आणि स्वतः गुणाकार करा.