एक नमस्कार जास्त

माझ्या हातून चूक होत नाही, असं मी गेली वीस वर्षं लोकांना सांगत आलोय. नौपाड्यात माझा छोटासा स्टुडिओ आहे. बाहेर रेकॉर्डिंगला निघालो की बॅगेतल्या प्रत्येक वायरवर वेगळ्या रंगाची चिकटपट्टी असते. धंद्यातले मित्र हसतात. हसोत बापडे. ऐन वेळी त्यांच्या हातात नुसती चार्जिंगची वायर येते, रेकॉर्डरला हार्ड डिस्क दिसेनाशी होते, आणि मग तेच मित्र "विनीत, तुझी लाल पट्टीवाली दे ना" म्हणत येतात.

त्या रविवारी लाल पट्टीवाली वायर माझ्याकडे होती, डिस्क रेकॉर्डरला जोडून तपासलेली होती, आणि तरीही मी तोंडावर आपटलो.

माझ्या स्टुडिओच्या खाली एक बँक आहे. तिथे काम करणारी प्राची म्हात्रे शुक्रवारी धावतच जिना चढून वर आली. तिची आजी विमलाबाई धवलारीण, म्हणजे आगरी लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी बाई. मांडव घालण्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं एक गाणं, अशी बावीस गाणी विमलाबाईंना पाठ होती. लिहिलेलं एकही नाही. सोमवारी सकाळी त्या ठाण्यात थायरॉइडच्या गाठीच्या ऑपरेशनसाठी भरती होणार होत्या. आवाज जाड होईल, वरचे सूर कदाचित परत येणार नाहीत, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. रविवारी एकदाच, बेताने गा, मग गळ्याला विश्रांती द्या, असं त्यांचं म्हणणं.

आजी तीन वर्षं "शिकून घे" म्हणत होती आणि प्राचीला बँकेतून डोकं वर काढता येत नव्हतं. एकदा रेकॉर्ड झालं की चिंता मिटली, असा तिचा हिशोब होता. मलाही तो पटला. माझं पोटच त्यावर चालतं.

डोंबिवली पूर्वेला टॉवरांच्या मधोमध उरलेल्या गावात त्यांचं घर. बाहेरच्या खोलीत मी माइक लावले आणि रेकॉर्डर, डिस्क वगैरे आतल्या खोलीत मांडलं. रेकॉर्डरला लांब वायरचं एक पेडल जोडता येतं. एकदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, पुन्हा दाबलं की बंद. हात मोकळे राहावेत म्हणून ते पायाने दाबायचं असतं. मी ते जमिनीवर ठेवलं आणि ऐटीत पायाने दाबून दाखवलं. विमलाबाईंचा चेहरा उतरला.

"गान्याच्या वस्तूला पाय लावतंस?"

ते पायासाठीच बनवलंय, असं मी समजावून पाहिलं. तर बनवणाऱ्याला आईने काही शिकवलं नसणार, असा निकाल मिळाला. पाच मिनिटांत पेडल पुसून पाटावर बसलं आणि त्याला हळदकुंकू लागलं. वायरीच्या भोकात कुंकू जाऊ नये म्हणून मी हात आडवा धरला, तेवढी एकच लढाई मी जिंकलो. पेडल दाबायचं कामही विमलाबाईंनी आपल्याकडे घेतलं. गाणं सुरू करताना एकदा दाबायचं, संपल्यावर एकदा, हे त्यांना पहिल्या फटक्यात समजलं. मोठमोठ्या गायकांना समजवायला मला अर्धा तास लागलेला आहे.

मी आत जाऊन हेडफोन लावला. आता माझ्या दोन सवयी सांगायला हव्यात. बॅटरी वाचावी म्हणून रेकॉर्डरचा पडदा आणि दिवा मिनिटाभरात विझेल असं मी करून ठेवतो. आणि ऐकताना डोळे मिटतो. ज्याचे डोळे उघडे त्याचे कान बंद, असं मी शिकाऊ मुलांना तोऱ्यात सांगतो. विमलाबाईंनी पेडल दाबलं, लाल दिवा लागला, मी दारातून अंगठा दाखवला आणि डोळे मिटले.

काय आवाज होता तो. वय चौऱ्याहत्तर, पण वर चढताना कुठे धाप नाही की कुठे थरथर नाही. मी कुणाचं सहसा कौतुक करत नाही. तिथे मात्र माझे डोळे मिटल्या मिटल्याच भरून आले.

त्रास व्हायचा तो मधल्या बडबडीचा. रेकॉर्डिंग चालू असो नसो, माइकपुढचं सगळं हेडफोनमध्ये येतंच. प्रत्येक गाणं झालं की विमलाबाई ते शब्द न् शब्द सावकाश सांगत आणि प्राची वहीत उतरवून घेई. मग पहिली ओळ बारीक आवाजात गुणगुणून दाखवत. हे कुणाच्या लग्नात गायलं, तेव्हा कोण रुसलं, हे सांगून होई. आत बसलेल्या वाळक्या माणसाला आणखी भात वाढा, असाही एकदा हुकूम सुटला. यातलं काही रेकॉर्ड होत नाहीये, या विचारावर मी ते सहन केलं.

चार वाजता बाविसावं गाणं संपलं. मी डोळे उघडले, बटण दाबून पडदा जागा केला. लाल दिवा चालू होता. गाणी संपली होती आणि रेकॉर्डिंग चालू होतं.

पहिली फाइल उघडली. तीन सेकंदांची, बांगड्यांची किणकिण. दुसरी उघडली. "लिव आता, मांडवाचा..." तिसरीत रुसलेले पाहुणे. पाचवीत माझा भात. एकाही फाइलमध्ये गाणं नव्हतं. सगळा दिवस उलटा भरला गेला होता.

मी बाहेर जाऊन सगळं सांगितलं. प्राची पांढरीफटक पडली. मग तिने आजीला विचारलं, पहिल्यांदा पेडल दाबल्यावर तू काय केलंस? विमलाबाईंना प्रश्नच कळला नाही. करणार काय, चांगल्या कामाला सुरुवात केली, दोन्ही हातांनी वस्तूला शिवून नमस्कार केला. म्हणजे पेडल पुन्हा दाबलं गेलं. तिथून पुढे सगळं बरोबर, फक्त उलट. त्यांचा नमस्कार बरोबरच होता. चूक डोळे मिटून बसलेल्या शहाण्याची होती, आणि मी तसं बोलून टाकलं.

विमलाबाई पुन्हा गायला बसल्या. दुसऱ्याच ओळीला आवाज चिरकला. प्राचीने त्यांच्या तोंडावर हात ठेवला आणि स्वतः रडायला लागली. काहीतरी करायचं म्हणून मी दुसरी फाइल स्पीकरवर लावली. विमलाबाईंनी सांगितलेले शब्द झाले, मग बारीक आवाजातली पहिली ओळ आली आणि थांबली. नाक पुसत बसलेल्या प्राचीच्या तोंडून दुसरी ओळ बाहेर पडली. मोठ्याने, सुरात. ती स्वतःच दचकली. लहानपणी प्रत्येक मांडवात ती आजीच्या मांडीवर झोपली होती. झोपेत काय काय आत गेलं होतं, तिला तरी कुठे माहीत.

"थांबू नको," विमलाबाई म्हणाल्या. "पुरं गा."

संध्याकाळभर मी एकेक फाइल लावत गेलो. प्राचीच्या कानात आजीचे शब्द, समोर आजीचा हात. सूर चढवायचा तिथे हात वर जाई, चुकलं की गुडघ्यावर चापट बसे. पेडल विमलाबाईच दाबत होत्या. मी मात्र दिवा विझू दिला नाही आणि त्यावरून नजर हलवली नाही. बाविसावं गाणं झालं तेव्हा प्राचीचा आवाज बसला होता आणि आजी हसत होती.

ऑपरेशन नीट झालं. आवाज परत आला, पण जाड. वरचे सूर गेले ते गेलेच.

मे महिन्यात शहाडला एका लग्नात प्राची बँकेतून रजा काढून धवलारीण म्हणून बसली. मी माझं सामान घेऊन गेलो होतो. पाटावर पेडल, पेडलाला हळदकुंकू. विमलाबाईंनी आधी नमस्कार केला, माझ्याकडे बघून मान हलवली, मग पेडल दाबलं. दिवा लागला.

हळदीचं गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा प्राची घाईत सुटली. बाजूने जाड, घोगरा आवाज आला, "हलू, प्राचे. लगीन पलून नाय चाललं." बायका हसल्या, प्राचीने दम घेतला आणि गाणं पुन्हा जागेवर आलं.

घरी फाइली साफ करताना मी त्या वाक्यापाशी थांबलो. एरवी गाण्याच्या मध्ये कुणी शिंकलं तरी मी ते काढून टाकतो. हे वाक्य तसंच ठेवलं आणि प्राचीला डिस्क नेऊन दिली.