दारासमोरची पांढरी खुर्ची

बर्नडीन हुडाकने पांढरी खुर्ची दोन्ही हातांनी उचलून रस्त्यावर आणली आणि आपल्या दारासमोर, एक गाडी मावेल एवढ्या रिकाम्या जागेत मधोमध ठेवली. मागे सरून पाहिलं, तर खुर्ची उताराकडे कलली होती. तिने वाकून तिच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. पिट्सबर्गच्या या टेकडीवर घरंसुद्धा सरळ उभी राहत नाहीत, मग खुर्चीला काय बोल लावायचा!

शेजारचा चेट ओराव्हेक आपल्या पायरीवर कॉफी घेऊन बसला होता. कारखाना बंद पडल्यापासून ही पायरी हीच त्याची नोकरी होती, आणि त्या नोकरीत त्याने कधी खाडा केला नव्हता.

"अगं बर्नी, ही कुठली आणलीस? आपली जुनी कुठं गेली?"

"तळघरात आहे."

"फ्रँकची हिरवी खुर्ची तळघरात आणि ही दुकानातली बया रस्त्यावर? सून येणार म्हणून खुर्चीसुद्धा नटवलीस होय!"

"त्या हिरवीला चिकटपट्टीशिवाय काही उरलंय का? शेरी पहिल्यांदा येतेय माझ्या दारात. बघून काय म्हणेल?"

"म्हणेल, बरं झालं, सासूपेक्षा जुनं काहीतरी आहे या घरात."

"तू कॉफी पी."

टेकडीवर खुर्ची म्हणजे शब्द. बर्फ उपसून आपल्या गाडीपुरती जागा मोकळी करावी आणि कामावर जाताना तिथे घरातली एखादी मोडकी खुर्ची ठेवावी, ही इथली जुनी रीत. कायद्यात ती कुठे नाही, पण पोलीससुद्धा तिला वळसा घालून जातात. तिच्या नवऱ्याने, फ्रँकने, मुलाला सायकल शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं, की दुसऱ्याच्या खुर्चीला हात लावायचा नाही, देव आला तरी नाही. आता फ्रँक नव्हता आणि त्याची गाडीही विकून झाली होती. पण बर्फ नसलं तरी शनिवारी टेकडीवर गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील झालं होतं. वरच्या, बंद पडलेल्या सेंट सिरिलच्या चर्चमध्ये बीअर गाळायला लागले होते, खालच्या पिठाच्या गिरणीत चित्रं टांगली होती, आणि कुठून कुठून लोक ते पाहायला येत होते. ज्या गावातून पोरं जीव मुठीत धरून पळाली, त्या गावात आता लोक पैसे मोजून फिरायला येत होते.

तिचा डेनिसही त्या पळालेल्या पोरांतलाच. पोलादाच्या भट्ट्या विझल्या तसा तो फीनिक्सला गेला आणि तिकडचाच झाला. बापाच्या मातीला आला होता, त्यानंतर टेकडी चढला नव्हता.

महिन्यापूर्वी त्याचा फोन आला तेव्हा आवाजात उत्साह मावत नव्हता.

"आई, आम्ही येतोय. शेरीने एका मासिकात वाचलं. या शहरात का जावं, त्याची दहा कारणं दिली आहेत त्यांनी. आपलं गाव, अगं! विश्वास बसतो का?"

मग त्याने ती कारणं वाचून दाखवली. पूल होते, डोंगरावर चढणारी दोरीची गाडी होती, चर्चमधली बीअर होती. आजोबा, बाप आणि काका जिथे राबले ती भट्टी आता तिकीट काढून बघता येत होती. रस्त्यावरच्या खुर्च्यासुद्धा होत्या, त्या वाचताना तो खूप हसला. बर्नडीन फोन कानाला लावून 'हं, हं' म्हणत राहिली. प्रत्येक कारणानंतर तिला वाटत होतं, आता आपलं नाव येईल. दहा संपली तेव्हा तो म्हणाला, "आणि शनिवारी दुपारी तुझ्याकडेही येऊन जातो. कोबीचे रोल करशील ना?"

एवढंही पुष्कळ झालं, असं तिने स्वतःला समजावलं. कारण कुठलं का असेना, पोरगं दारात येणार होतं. तिला त्याला एकदा जेवताना बघायचं होतं, बाकी काही नको होतं.

बारा वाजत आले तशी ती तळघरात उतरली. टेकडीवरच्या सगळ्याच बायकांचा मोठा स्वयंपाक तळघरात होतो. वरचं स्वयंपाकघर पाहुण्यांसाठी असतं, आणि पाहुणे आले नाहीत तरी ते चकचकीत राहतं. खाली फ्रँकने बसवलेली जुनी शेगडी होती. रस्त्याच्या पातळीला एक बुटकी खिडकी होती आणि तिच्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय दिसत. उकडलेली कोबीची पानं तिने एकेक करून सोडवली, त्यांत खिमा आणि भात भरला आणि घट्ट गुंडाळ्या करून त्या पातेल्यात दाटीने रचल्या. हवा खेळावी म्हणून पंखा लावला. तो जुना पंखा असा घरघरायचा की स्वतःचं गुणगुणणंही ऐकू येऊ नये. रस्त्यावर एकदा कुणीतरी जोरजोरात भोंगा वाजवला तेवढा तिला ऐकू आला. "आले बीअरवाले," ती पुटपुटली आणि टोमॅटोचा रस ओतला.

कोपऱ्यात हिरवी खुर्ची उभी होती. तिच्याकडे पाठ करून ती काम करत होती.

वर आल्यावर तिने कपडे बदलले आणि खिडकीत बसली. खुर्ची जागच्या जागी होती. गाड्या यायच्या, जरा थबकायच्या आणि खुर्ची बघून पुढे जायच्या. प्रत्येक गाडी थबकली की ती उठून उभी राही. असं करता करता गुडघा बोलायला लागला, तेव्हा तिने उठणं सोडलं. पातेल्याखालची आच तिने दोनदा कमी केली आणि शेवटी बंद केली.

ऊन समोरच्या घरांच्या गच्च्यांवर गेलं, तेव्हा फोन वाजला.

"आई, कुठं होतीस गं तू? मघाशी फोन केला, उचललाच नाहीस."

"तळघरात होते रे, फोन वरच राहिला. तुम्ही आहात कुठं?"

"आता वरती, डोंगरावरच्या हॉटेलात. शेरीच्या मैत्रिणी आल्यात. अगं, आम्ही येऊन गेलो ना दुपारी! तीन चकरा मारल्या. गाडी लावायला सुईएवढी जागा नाही टेकडीवर. मागं गाड्यांची रांग, भोंग्यावर भोंगे. शेरी म्हणत होती, उतरून बेल वाजवते, पण उभं राहू देतील तर ना. चेटकाका तर पायरीवर बसल्या बसल्या घोरत होता. आणि भट्टी बघायची वेळ ठरलेली होती, ती चुकली असती."

बर्नडीनने खिडकीचा पडदा मुठीत धरला.

"घरासमोर होती ना जागा, डेनी."

"होती की! पण तिथं कुणीतरी खुर्ची टाकली होती. पांढरी, नवीकोरी. त्या बीअरवाल्यांपैकी कुणाची असणार. तुझ्या दारात टाकतात, बघ, कमाल आहे! बाबांची हिरवी असती तर मी डोळे मिटून ओळखली असती."

"मग सरकवायची होतीस रे."

"काय बोलतेस तू आई! दुसऱ्याची खुर्ची?" तो हसला. "शेरीपण हेच म्हणत होती, उतर आणि सरकव. मी तिला म्हटलं, बाई गं, माझा बाप थडग्यातून उठून येईल. एवढी वर्षं फीनिक्समध्ये काढली, पण हात नाही लावला."

त्याच्या आवाजात शाळेतून बक्षीस आणलेल्या पोराचा आनंद होता. बर्नडीनच्या ओठांवर शब्द आले होते. ती माझीच होती रे, तुझ्यासाठी ठेवली होती. पण पलीकडे प्याले वाजत होते आणि कुणी बाई मोकळेपणाने हसत होती. सांगितलं तर त्याची संध्याकाळ नासेल, नाही सांगितलं तर आपली. आपली तर नासलीच होती. आपल्याच हाताने आपण दाराला कडी घातली, आणि आता ती काढायला हात पुरत नाही, असं तिला झालं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "बाबांना बरं वाटलं असतं."

"उद्या पहाटेचं विमान आहे गं, नाहीतर आलो असतो. पुढच्या वेळी नक्की. शेरीला तर गाव फारच आवडलंय. त्या खुर्चीचा फोटोसुद्धा काढला तिने गाडीतून, मासिकात होतं ना. पाठवतो तुला."

फोन खिशात टाकून ती बाहेर आली. पायऱ्या उतरताना तिने कठड्याला धरलं. चेट अजून पायरीवरच होता. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि नेहमीची थट्टा गिळली.

"नाही आला?"

"आला होता."

"मग?"

रस्त्यात उभ्या उभ्या तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात एक गाडी शेजारी येऊन थांबली. काच खाली करून एका तरुण मुलीने अदबीने विचारलं, "आजी, ही जागा कुणासाठी धरलीये का?"

बर्नडीनने खुर्ची उचलली आणि फुटपाथवर ठेवली.

"लावा."

खिशात फोन थरथरला. तिला चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून तिने तो चेटच्या हातात दिला. चेटने फोटो लांब धरला, मग जवळ घेतला.

"तुझीच खुर्ची आहे की गं. फोटो चांगला आलाय. घरही आलंय मागं." तो थांबला. "खाली तळघराच्या खिडकीत दिवा आहे. कुणीतरी आहे तिथं, पाठमोरं."

बर्नडीनने फोन परत घेतला आणि न बघताच खिशात टाकला.

"असेल कुणी म्हातारी, कोबी गुंडाळत बसलेली," ती म्हणाली. "चल, जेवायला ये. खूप केलंय."